कॅप्टन होईपर्यंत वशिला, त्यानंतर फक्त जिवंत राहा: शिडाच्या काळातली ब्रिटिश नौदलातली नोकरी

नेल्सनचं नाव ऐकलं नाही असा माणूस विरळा. ट्रॅफल्गारची लढाई, एक डोळा अधू, एक हात तुटलेला, लंडनच्या चौकात उंच खांबावर पुतळा. पण हा माणूस पूर्ण ॲडमिरल कधीच झाला नाही. १८०५ साली ट्रॅफल्गारला गोळी लागून गेला तेव्हा तो व्हाइस ॲडमिरल होता, तोही मधल्या रंगाचा (रंगांची भानगड पुढे सांगतो), आणि त्याच्या वर यादीत ढिगाने लोक बसलेले होते ज्यांची नावं आज इंग्रजांनाही माहीत नाहीत. यातल्या काहींनी तर कित्येक वर्षं जहाजावर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.

हे असं का, ते समजलं की त्या काळातल्या ब्रिटिश नौदलाची अख्खी नोकरी समजते. काळ म्हणजे ढोबळमानाने १७०० ते १८५०, शिडाची लाकडी जहाजं आणि दोन्ही बाजूंना तोफा. या नोकरीचे सरळ दोन भाग होते. पहिला भाग पोरगा म्हणून जहाजावर चढण्यापासून ते कॅप्टन होण्यापर्यंतचा, यात ओळखी लागायच्या, नशीब लागायचं, थोडीफार अक्कलही लागायची. दुसरा भाग कॅप्टनपासून ॲडमिरलपर्यंत, आणि यात बढतीसाठी एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे मरायचं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. त्या काळात इंग्रजांच्या लष्करात अधिकारीपद चक्क विकत मिळायचं, पैसे मोजा आणि लेफ्टनंट व्हा, अजून मोजा आणि कॅप्टन व्हा. नौदलात तसं नव्हतं. कारण साधं आहे, घोड्यावर बसून ओरडणारा अडाणी माणूस पलटणीत एकवेळ खपून जातो, त्याचे हवालदार सांभाळून घेतात, पण ज्याला वारा कळत नाही, खोली कळत नाही, त्याच्या हातात ७४ तोफांचं जहाज आणि सहाशे माणसं दिली तर तो पहिल्याच वादळात सगळ्यांना खडकावर नेऊन आपटणार. म्हणून परीक्षा होती. १६७७ मध्ये सॅम्युअल पेप्स नावाच्या नौदल खात्याच्या सेक्रेटरीने ती सुरू केली, आणि लेफ्टनंट व्हायचं तर ती द्यायचीच असा नियम झाला, मग बाप उमराव असो नाहीतर पाद्री.

पण परीक्षेपर्यंत पोचायचं कसं? इथेच वशिला सुरू होतो. अठराव्या शतकात नौदलाची भरती करणारं एक मध्यवर्ती ऑफिस आहे, तिथे अर्ज केला आणि झालं, असं नव्हतं. पोर्ट्समथला १७३३ पासून एक ॲकॅडमी होती, पण तिथून येणारे फार थोडे. बाकी सगळी पोरं एखाद्या कॅप्टनच्या मर्जीने जहाजावर यायची. कॅप्टनला काही नोकर ठेवायचा अधिकार असे, माणसांच्या संख्येच्या हिशोबाने, आणि त्या जागांवर तो आपल्या भावाची, मेव्हण्याची, जमीनदार मित्राची, ज्याचे पैसे देणं लागतो त्याची पोरं नोंदवून घ्यायचा. कागदावर नोकर, प्रत्यक्षात उमेदवार अधिकारी. वय बारा-तेरा.

नेल्सनचंच घ्या. बाप नॉरफोकमधल्या बर्नम थॉर्प नावाच्या खेड्यातला पाद्री, घरात पोरं भरपूर, आई लवकर गेलेली. पण मामा होता मॉरिस सकलिंग, नौदलात कॅप्टन. १७७१ साली मामाला जहाज मिळालं आणि बारा वर्षांचा भाचा त्याच्या हजेरीपटावर चढला. हा मामा पुढे १७७५ ला नौदलाचा कंट्रोलर झाला, म्हणजे जहाजं बांधणं, दुरुस्त करणं, माल पुरवणं हे सगळं ज्या बोर्डाच्या हातात त्याचा प्रमुख. असा मामा असल्यावर अजून काय पाहिजे.

दरम्यान हे पोरगं इकडे आपल्याकडे आलं होतं. १७७३ च्या शेवटी सीहॉर्स नावाच्या जहाजावर नेल्सन हिंदुस्थानकडे निघाला. मद्रास, बंगाल, मुंबई सगळं फिरला. १७७५ च्या सुरुवातीला, जेव्हा इंग्रजांनी नुकतंच ठाणं आणि साष्टी घेतलं होतं आणि राघोबादादांबरोबर सुरतेचा तह व्हायच्या बेतात होता, म्हणजे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटत होतं, तेव्हा सीहॉर्सवर कंपनीचा पैसा लादून तो मुंबईला पोचवायचं काम आलं. वाटेत हैदर अलीच्या दोन गलबतांशी चकमक झाली, थोडे तोफगोळे इकडून तिकडे गेले आणि ती गलबतं पळाली. नेल्सनने आयुष्यात पाहिलेली पहिली लढाई ती. वर्षभराने, १७७६ मध्ये, मलेरियाने तो इतका खंगला की त्याला दुसऱ्या जहाजावर घालून घरी पाठवलं. त्या तापाने आयुष्यभर पिच्छा सोडला नाही म्हणतात. वय तेव्हा सतरा.

आता या पोरांची, म्हणजे मिडशिपमनांची, नोकरी काय असायची ते बघा. झोपायची जागा जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, जिथे उजेड म्हणजे मेणबत्ती आणि हवा म्हणजे खालच्या साचलेल्या पाण्याचा वास. दिवसा डोलकाठीवर चढायचं, शिडं गुंडाळायची-सोडायची, दुपारी सूर्याची उंची मोजून जहाज कुठे आहे त्याचं गणित करायचं, एखादी होडी सांभाळायची, तोफांच्या एका गटावर उभं राहायचं. चाळीस वर्षांच्या खलाशाला तेरा वर्षांचं पोर हुकूम देतंय आणि तो मुकाट्याने ऐकतोय, हे रोजचं. आणि प्रत्येकाने रोजनिशी लिहायची, कारण ती पुढे परीक्षेला दाखवावी लागायची.

परीक्षेचे नियम कागदावर कडक होते. सहा वर्षं समुद्रावरची नोकरी, त्यातली किमान दोन मिडशिपमन किंवा मेट (जहाज हाकणाऱ्या तज्ज्ञाचा मदतनीस) म्हणून, वय वीस (नंतर एकोणीस केलं), आणि आधीच्या कॅप्टन लोकांची सर्टिफिकेटं. मग लंडनला जाऊन तीन कॅप्टनांसमोर तोंडी परीक्षा. जहाज असं उभं आहे, वारा अचानक उलटा फिरला, किनारा वाऱ्याच्या खालच्या बाजूला आहे, आता काय कराल? उत्तर चुकलं तर परत सहा महिने समुद्रावर.

पण सहा वर्षांची अट आली की पळवाट आलीच. कॅप्टन लोक ओळखीतल्या पोरांची नावं हजेरीपटावर टाकून ठेवायचे, पोरगं घरी गोट्या खेळतंय आणि कागदावर त्याची समुद्रावरची नोकरी मोजली जातेय. हा सरळ गुन्हा होता, सापडला तर कॅप्टनची नोकरी जाऊ शकत होती, तरी सर्रास चालायचं. थॉमस कॉक्रन हे याचं भारी उदाहरण. त्याचा काका नौदलात, त्याने पुतण्याचं नाव लहानपणीच एकामागून एक चार जहाजांवर चढवून ठेवलं. त्याच वेळी बापाने त्याच्यासाठी लष्करातही अधिकारीपद घेऊन ठेवलं होतं. म्हणजे हा पोरगा घरी बसून एकाच वेळी दोन्ही दलांत नोकरी करत होता! प्रत्यक्षात जहाजावर गेला तो १७९३ ला, सतरा वर्षांचा घोडा झाल्यावर.

वयाचंही तसंच. नेल्सनने एप्रिल १७७७ मध्ये परीक्षा दिली तेव्हा तो साडेअठरा वर्षांचा होता, पण त्याच्या पास झाल्याच्या कागदावर वय वीसच्या वर असं लिहिलंय. परीक्षा घेणाऱ्यांमध्ये कोण बसलं होतं? मामा.

नेल्सनला पास झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेफ्टनंटची नेमणूक मिळाली. सगळ्यांचं असं व्हायचं नाही. आपल्याकडे एमपीएससी पास होऊन नेमणुकीची वाट बघत बसलेली पोरं असतात ना, अगदी तीच गत. परीक्षा पास म्हणजे तुम्ही पात्र, बस. लेफ्टनंट व्हायला एखाद्या विशिष्ट जहाजावरची विशिष्ट जागा मिळावी लागायची, अमुक जहाजाचा तिसरा लेफ्टनंट, तमुकचा पाचवा, आणि ती जागा कोणीतरी द्यावी लागायची. ज्यांचं कोणी नाही असे पास झालेले मिडशिपमन तिशी-पस्तिशीपर्यंत त्याच अंधाऱ्या खोलीत बारा वर्षांच्या पोरांसोबत राहायचे, आणि बऱ्याच जणांचं आयुष्य तिथेच संपायचं.

याउलट ॲडमिरल रॉडनीने आपला पोरगा जॉन याला १७८० मध्ये पंधराव्या वर्षी कॅप्टन करून टाकलं. पंधरा! बाप दूरच्या ताफ्याचा प्रमुख असला की रिकाम्या झालेल्या जागा तो स्वतः भरू शकत होता, लंडनला पत्र जाऊन यायला कित्येक महिने लागायचे, मग तिथले लोक काय करणार, शिक्का मारायचे.

हा दूरच्या ताफ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वेस्ट इंडीज आणि ईस्ट इंडीज, म्हणजे जमैका वगैरे तिकडे आणि हिंदुस्थान इकडे, या दोन ठिकाणी माणसं तापाने पटापट मरायची. माणसं मेली की जागा रिकाम्या, आणि जागा रिकाम्या की खालच्यांना बढती. नौदलात दारूचा पेला उचलताना वारानुसार वेगवेगळ्या शुभेच्छा देत, त्यातली एक अशी होती की रक्तरंजित युद्ध होवो आणि रोगराईचा मोसम येवो. ऐकायला राक्षसी वाटतं, पण लेफ्टनंटच्या बाजूने विचार केला तर त्याच्या बढतीचे मार्ग खरोखरच ते दोन होते.

मामा १७७८ मध्ये वारला, पण तोपर्यंत नेल्सन जमैकाला सर पीटर पार्कर या ॲडमिरलच्या मर्जीत बसलेला होता. आणि इथे त्याच्यासोबत एक दुसरा माणूस येतो, कथबर्ट कॉलिंगवूड. हा नेल्सनपेक्षा दहा वर्षांनी मोठा, नौदलातही दहा वर्षं आधी आलेला, पण मामा नाही. लेफ्टनंट व्हायला १७७५ साल उजाडलं, वय सव्वीस. जमैकाला दोघं एकमेकांच्या मागेपुढे चढत गेले. लोस्टॉफ जहाजावरून नेल्सन निघाला, त्या जागी कॉलिंगवूड. बॅजर नावाचं छोटं जहाज नेल्सनला मिळालं, तो पुढे सरकला, बॅजर कॉलिंगवूडला. मग जून १७७९ मध्ये नेल्सनला हिंचिनब्रूक मिळालं, वीस वर्षांच्या वयात तो पूर्ण कॅप्टन झाला. मार्च १७८० मध्ये नेल्सन तिथून हलला आणि हिंचिनब्रूक कॉलिंगवूडकडे आलं, तोही कॅप्टन झाला. तेव्हा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या किनाऱ्यावर मोहीम चालू होती, तिच्यात त्या जहाजावरच्या दोनशे माणसांपैकी बहुतेक सगळी तापाने गेली, त्यातली बरीचशी कॉलिंगवूडने स्वतःच्या डोळ्यांदेखत पुरली. नेल्सन मरता मरता वाचला.

दोघांच्या तारखांमध्ये फरक फक्त नऊ महिन्यांचा. आणि तो फरक मरेपर्यंत पुसला गेला नाही. दहा वर्षांनी मोठा, दहा वर्षं जास्त अनुभव असलेला कॉलिंगवूड कायम नेल्सनचा ज्युनिअर राहिला, ट्रॅफल्गारलाही तो नंबर दोनच होता. बरं, दोघांची दोस्ती अगदी घट्ट, त्याबद्दल कुरबुर नाही.

हे असं का, तर आता नोकरीचा दुसरा भाग सुरू होतो.

लेफ्टनंटच्या वर कमांडर, हा वीसपेक्षा कमी तोफांच्या लहान जहाजाचा प्रमुख. त्याच्या वर पोस्ट कॅप्टन, म्हणजे मोठ्या, दर्जा मिळालेल्या जहाजाचा कॅप्टन. कमांडरलाही त्याच्या जहाजावर सगळे कॅप्टनच म्हणायचे, पण खरा फरक यादीचा होता. ज्या दिवशी तुम्ही पोस्ट कॅप्टन झालात त्या तारखेने तुमचं नाव एका यादीच्या तळाला चढतं. त्यानंतर त्या यादीत कोणी तुम्हाला ओलांडून वर जाऊ शकत नाही. कोणीच नाही. राजाचा लाडका असो की दहा लढाया जिंकलेला. वरचे मरतात, तुमचं नाव वर सरकतं. वर पोचलात की रिअर ॲडमिरल, मग व्हाइस ॲडमिरल, मग ॲडमिरल.

आणि प्रत्येक पायरीत परत तीन रंग, निळा, पांढरा, लाल. पूर्वी ताफ्याच्या तीन तुकड्या असायच्या त्यांचे हे रंग. निळा सगळ्यात खाली, लाल वर. म्हणजे रिअर ॲडमिरल ऑफ द ब्लूपासून सुरुवात करून पांढरा, लाल, मग व्हाइस ॲडमिरल निळा, पांढरा, लाल असं चढत जायचं. नेल्सन गेला तेव्हा व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट, वय सत्तेचाळीस. कॉलिंगवूड ट्रॅफल्गारनंतर भूमध्य समुद्रातच अडकून पडला, १८०३ नंतर घर बघितलं नाही, सारखी विनंती करत होता मला आता घरी येऊ द्या, आणि १८१० मध्ये जहाजावरच गेला. तोही पूर्ण ॲडमिरल न होताच.

नेल्सन रिअर ॲडमिरल कधी झाला ते बघा म्हणजे यादीचा खाक्या कळेल. १४ फेब्रुवारी १७९७ ला केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत त्याने हुकुमाची वाट न बघता आपलं जहाज रांगेतून बाहेर काढलं आणि दोन स्पॅनिश जहाजं पकडली. २० फेब्रुवारीला तो रिअर ॲडमिरल झाला. वाचणाऱ्याला वाटतं शाबासकी मिळाली. पण लढाईची बातमी तेव्हा लंडनला पोचलीच नव्हती! यादीत त्याचा नंबर आला होता म्हणून तो झाला. लढाईची शाबासकी म्हणून मिळाला तो नाइटचा किताब, बढती आपल्या रस्त्याने आपोआप आली.

तुम्ही म्हणाल, यादीच सगळं ठरवणार तर मग नालायक माणूस वर पोचला तर? पोचायचेच की. त्यावर १७४७ पासून एक पक्का सरकारी तोडगा निघाला. समजा यादीत विसाव्या नंबरचा कॅप्टन हुशार आहे आणि त्याला ॲडमिरल करायचंय, तर वरच्या एकोणीस जणांनाही ॲडमिरल करावंच लागणार. मग त्यातल्या बिनकामाच्या लोकांना हुद्दा द्यायचा पण कुठल्याच रंगाची तुकडी द्यायची नाही, काम नाही, जहाज नाही. अशांना सगळे गमतीने पिवळे ॲडमिरल म्हणायचे, कारण पिवळी तुकडी अस्तित्वातच नव्हती. मला ही शक्कल फार आवडते. कोणाचा अपमान नाही, पत्रिकेवर ॲडमिरल छापायला मोकळे, बायको खूश, आणि ताफाही सुरक्षित.

आता पैशाचं. पगार ठीकठाक, पण कायम नव्हता. जहाज नोकरीतून काढलं, माणसं सोडून दिली, की अधिकाऱ्याची जागाही संपली. तो घरी जायचा आणि हाफ पेवर बसायचा, अर्ध्या पगारावर. हाफ पेची वर्षंही सिनिऑरिटीत धरली जायची, त्यामुळे वीस वर्षं शेती करत बसलेला कॅप्टनही यादीत वर सरकतच राहायचा. खुद्द नेल्सन १७८७ च्या शेवटापासून १७९३ च्या सुरुवातीपर्यंत पाच वर्षं बापाच्या गावी बसून होता, लंडनला पत्रावर पत्र, जहाज द्या, कुठलंही द्या. कोणी विचारलं नाही. फ्रान्सशी युद्ध पेटणार असं दिसायला लागलं तेव्हा जानेवारी १७९३ मध्ये एकदम ६४ तोफांचं ॲगामेम्नॉन मिळालं.

खरा पैसा होता लुटीत, सरकारी भाषेत प्राइझ मनी. शत्रूचं जहाज पकडलं, ते बंदरात आणलं, कोर्टाने ते रीतसर लूट म्हणून मान्य केलं, की त्याची किंमत पकडणाऱ्यांमध्ये वाटली जायची. १७०८ च्या कायद्याने सरकारने आपला वाटा सोडला होता. वाटणीचे आठ भाग. १८०८ पर्यंतचा हिशोब असा की तीन भाग कॅप्टनचे, त्यातला एक तो ज्या ॲडमिरलच्या हुकुमाखाली असेल त्याचा, एक भाग लेफ्टनंट वगैरे मंडळींत, एक भाग त्याखालच्या कारागीर अधिकाऱ्यांत, एक भाग छोट्या अधिकाऱ्यांत आणि मिडशिपमनांत, आणि उरलेले दोन भाग शेकडो खलाशांमध्ये. ॲडमिरल कुठे तरी शेकडो मैलांवर बंदरात जेवत असला तरी त्याचा आठवा हिस्सा पक्का.

१७६२ मध्ये दोन इंग्रजी जहाजांनी हरमायनी नावाचं स्पॅनिश खजिन्याचं जहाज पकडलं, सगळी किंमत ५ लाख १९ हजार पौंडांच्या वर भरली. दोन्ही कॅप्टनांना प्रत्येकी सुमारे ६५ हजार पौंड, साध्या खलाशाला सुमारे ४८५. साध्या खलाशाचा पगार वर्षाला पंधरा-सोळा पौंड होता, म्हणजे तीसेक वर्षांचा पगार त्याला एका दिवसात मिळाला. कॅप्टनांचा तर विचारच नको. पीटर रेनियर म्हणून एक ॲडमिरल १७९४ ते १८०५ ईस्ट इंडीजच्या ताफ्याचा प्रमुख होता, १८०८ मध्ये मेला तेव्हा त्याची संपत्ती अडीच लाख पौंडांच्या घरात होती, आणि त्याने त्यातला दहावा हिस्सा देशाचं कर्ज फेडायला ठेवला. इतका कमावला की सरकारलाच भीक घालून गेला.

लुटीच्या वाटणीवरून किती रुसवेफुगवे व्हायचे याचं अस्सल उदाहरण आपल्या विजयदुर्गाचं आहे. इंग्रजांच्या कागदात घेरिया. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसनने समुद्राकडून आणि नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला गाठला. पेशव्यांनी इंग्रजांच्या हातून मराठ्यांचंच आरमार बुडवलं, याबद्दल आपल्याकडे आजतागायत भांडणं होतात, ती इथे नको. वॉटसनच्या लोकांच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मुंबईहून निघायच्या आधीच अधिकाऱ्यांनी बसून वाटणी ठरवून टाकली होती, आणि त्यात मराठ्यांना काही द्यायचं नाही हेही ठरलं होतं. त्या मोहिमेत रॉबर्ट क्लाइव्हसुद्धा होता, तेव्हा लेफ्टनंट कर्नल. त्याला नौदलाच्या कॅप्टनएवढा वाटा मिळणार असं ठरलं, तो म्हणाला मला वॉटसनच्या हाताखालच्या ॲडमिरल पोकॉकएवढा पाहिजे. शेवटी वॉटसन म्हणाला की फरक मी माझ्या वाट्यातून भरतो, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं, आणि क्लाइव्हने पुढे ते पैसे घेतले नाहीत. किल्ला अजून घ्यायचा होता बरं का हे सगळं चाललं तेव्हा. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला, आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळून खाक झाली, किल्ल्यातून साधारण दहा लाख रुपयांचा माल निघाला तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, आणि पेशव्यांच्या फौजेचे सरदार रामाजी महादेव बाहेर हात चोळत बसले. वॉटसन पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात तापाने गेला.

म्हणजे नुसते फायदेच होते असं समजू नका. जहाज गमावलं तर, वादळात का असेना, कॅप्टनवर कोर्ट मार्शल व्हायचंच. आणि मार्च १७५७ मध्ये ॲडमिरल बिंग याला पोर्ट्समथला त्याच्या ताफ्यासमोर जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. गुन्हा काय, तर भूमध्य समुद्रातलं मिनोर्का बेट वाचवायला त्याने पराकाष्ठा केली नाही. बाप ॲडमिरल आणि उमराव, सगळा वशिला तयार, काही उपयोग झाला नाही, कारण सरकारला कोणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं.

कॉक्रनचीही तऱ्हा बघा. मे १८०१ मध्ये १४ छोट्या तोफांच्या स्पीडी जहाजावरून, ५४ माणसांनिशी, त्याने ३२ तोफांचं आणि तीनशेच्या वर माणसांचं गामो हे स्पॅनिश जहाज पकडलं. असं काही केल्यावर कमांडरला कॅप्टन करतात, तसं केलं. पुढे खासदार होऊन त्याने नौदलातल्या चोऱ्यांवर इतका आरडाओरडा केला की वरचे सगळे दुखावले, आणि १८१४ मध्ये शेअर बाजारातल्या एका घोटाळ्यात तो दोषी ठरला तेव्हा त्याचं नाव यादीतून खोडलं. मग हा गेला चिलीला, तिथलं नौदल उभं केलं, नंतर ब्राझील, नंतर ग्रीस. १८३२ मध्ये इंग्लंडमध्ये माफी मिळाली, नाव यादीत परत चढलं, आणि एकदम रिअर ॲडमिरल, मधली अठरा वर्षं घडलीच नाहीत असं समजून. सत्तरी ओलांडल्यावर त्याला उत्तर अमेरिकेचा ताफा दिला.

ओळखपाळख नसताना वर आलेले नव्हतेच असं नाही. जेम्स कुक शेतमजुराचा मुलगा, कोळशाच्या जहाजांवर शिकला, १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून नौदलात आला, मास्टर म्हणजे जहाज हाकणारा तज्ज्ञ झाला आणि नकाशे काढण्यात नाव कमावलं. तरी लेफ्टनंट व्हायला १७६८ उजाडलं, वय एकोणचाळीस, तेही प्रशांत महासागराच्या मोहिमेला माणूस पाहिजे होता म्हणून. नेल्सन त्या वयात रिअर ॲडमिरल होऊन बसला होता.

आणि ट्रॅफल्गारच्या जहाजावरचंच एक. मोठी लढाई जिंकली की पहिल्या लेफ्टनंटला बढती द्यायची पद्धत होती. नेल्सनच्या व्हिक्टरीवर सगळ्यात सिनिअर लेफ्टनंट होता जॉन पास्को, पण नेल्सनने त्याला झेंड्यांच्या सिग्नलचं काम दिलं आणि पहिल्या लेफ्टनंटचं काम क्विलियम नावाच्या दुसऱ्या एका लेफ्टनंटकडे राहिलं. इंग्लंड प्रत्येकाकडून कर्तव्याची अपेक्षा करतं हा जो प्रसिद्ध सिग्नल आहे तो पास्कोनेच चढवला, एक शब्द बदलायची सूचनाही त्याचीच. लढाईनंतर क्विलियम थेट कॅप्टन, पास्को कमांडर. कॅप्टन व्हायला त्याला १८११ पर्यंत थांबावं लागलं. इतिहासात नाव पास्कोचं, पण यादीत क्विलियम वर.

१८१५ ला नेपोलियन संपला आणि सगळ्यांचेच वांधे झाले. युद्धाच्या शेवटी नौदलात सुमारे १ लाख ४० हजार माणसं होती, दोन-तीन वर्षांत वीस हजारांच्या आसपास उरली. खलाशांना सोडून देता येतं, अधिकाऱ्यांना नाही, त्यांची नावं यादीत कोरलेली. निवृत्तीचं वयच नव्हतं! त्यामुळे हजारो लेफ्टनंट हाफ पेवर, वरचे मरत नाहीत, युद्ध नाही, रोगराईचा मोसमही नाही. मुंबईच्या वाडिया मंडळींनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे फ्रिगेट (मध्यम आकाराचं लढाऊ जहाज) १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, १८१९ मध्ये इंग्लंडला पोचलं आणि तसंच बांधून ठेवलं, पहिल्या कामगिरीवर निघालं १८४७ ला. जहाजंच रिकामी बसलेली, माणसांना काम कुठून येणार. (ते जहाज अजून हार्टलपूलला तरंगतंय, सागवान ते सागवान.)

मग वरचे लोक म्हातारे होत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हळूहळू निवृत्तीच्या योजना आल्या, १८६४ मध्ये ते लाल-पांढरे-निळे रंगही रद्द केले, आणि १८७० मध्ये वयाची अट घालून म्हाताऱ्यांना सक्तीने बाजूला काढायचं ठरलं. फक्त एक सवलत ठेवली की फ्रान्सशी झालेल्या जुन्या युद्धाच्या काळात ज्याने जहाजाची कमान सांभाळली असेल त्याचं नाव मरेपर्यंत सक्रिय यादीत राहील. ठेवणाऱ्यांना वाटलं असेल, असे आता उरलेत किती आणि जगणार किती.

तर त्यांच्यात एक प्रोवो वॉलिस होता. १७९१ चा जन्म, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. बापाने चौथ्या वर्षीच त्याचं नाव एका जहाजाच्या हजेरीपटावर खलाशी म्हणून घालून ठेवलेलं. १ जून १८१३ ला शॅनन जहाजाने अमेरिकन चेसापीकला पकडलं तेव्हा कॅप्टन जबर जखमी झाला, पहिला लेफ्टनंट मेला, आणि जहाज हॅलिफॅक्सला पोचेपर्यंत सहा दिवस कमान वॉलिसच्या हातात होती. त्या सहा दिवसांवर तो सवलतीत बसला. यादीत सरकत सरकत १८७७ मध्ये ॲडमिरल ऑफ द फ्लीट झाला, नौदलातला सगळ्यात वरचा हुद्दा, आणि खाली ताटकळणाऱ्यांना वाट बघण्यापलीकडे काही करता येईना. असं सांगतात की नव्वदी उलटल्यावर त्याला खात्यातून हळूच सुचवण्यात आलं, साहेब, निवृत्ती घेतलेली बरी, सक्रिय यादीत आहात म्हणजे उद्या समुद्रावर जायचा हुकूमही निघू शकतो. म्हाताऱ्याने कळवलं, मी तयार आहे. फेब्रुवारी १८९२ मध्ये गेला, शंभर वर्षांचा होऊन, सक्रिय यादीत नाव असतानाच.